नागपंचमीची तारीख

सोनोग्राफी सेंटरच्या बाहेर बसायची वेळ आली की माझं डोकं फिरतं. आत काय चाललंय ते कुणी सांगत नाही, आणि आतून बाहेर आलेलं माणूस तोंड मिटून चपला शोधतं. त्या दिवशी क्रांती चौकाजवळच्या एका मोठ्या सेंटरमध्ये आम्ही तिघी बसलो होतो. मी, माझी धाकटी बहीण आणि तिच्या सासूबाई. कोजागिरी नुकतीच होऊन गेली होती. बहिणीनं बाटलीभर पाणी पिऊन लघवी दाबून धरलेली, आणि नंबर काही येत नव्हता. "ताई, आता फुटते बघ मी," असं ती म्हणाली, आणि मला हसू आलं नाही.

कारण हे दिवस सहजासहजी गेलेले नव्हते. बहीण देवगाव रंगारीला दिलेली. घर चांगलं, शेताला पाणी, नवऱ्याला तालुक्याच्या गावी नोकरी. सगळं असून पाळणा काही हलत नव्हता. दोन वर्षांपूर्वी एकदा राहिलं, तर तिसऱ्या महिन्यात ठोके नाहीत म्हणून पिशवी साफ करावी लागली. त्यानंतर ही बाई वर्षभर कुणाच्या डोहाळजेवणाला गेली नाही की बारशाला गेली नाही. लोक विचारायचे, तेव्हा आई खोटं सांगायची की तिची कंबर दुखते. आता पुन्हा राहिलं होतं, आणि ते टिकेल की नाही या एकाच विचारानं आम्हा सगळ्यांची झोप उडाली होती.

काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "शेवटची पाळी कधीची?"

बहीण तोंड उघडणार तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "नागपंचमीच्या दुसऱ्या दिशी बसली व्हती."

त्या मुलीनं मोबाइलवर नागपंचमी शोधली, एक दिवस पुढं धरला आणि तारीख टाकली. मला यात काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडं हे असंच चालतं. घरात देवाधर्माचं सोवळं असलं की कोणती सून कधी बाजूला बसली हे सासूला तोंडपाठ असतं, आणि ते इंग्रजी तारखेनं नाही, सणानं असतं. सुनेला स्वतःला एक वेळ आठवणार नाही, सासूला आठवतं. त्यामुळं दवाखान्यातही उत्तर सासूच देते.

आत बरोबर एकीलाच सोडत होते. सासूबाई गेल्या. आत काय झालं ते बहिणीनं नंतर सांगितलं. डॉक्टर पुरुष, वयानं पोक्त, बोलायला सभ्य. पोटावरून मशीन फिरवून झाल्यावर ते म्हणाले, नीट दिसत नाही, आतून सोनोग्राफी करावी लागेल, नर्स इथंच थांबेल. त्यावर सासूबाई उठून उभ्याच राहिल्या. "नाय नाय, बाप्या माणसानं आतून? आमच्यात नाय चालत तसलं. काय बघायचं ते वरूनच बघा." बहिणीला कुणी विचारलं नाही आणि तीही काही बोलली नाही. डॉक्टरांनी पुन्हा आग्रह केला नाही. पोटावरून जेवढं दिसलं तेवढं लिहिलं.

रिपोर्ट हातात आला तेव्हा मी तो तिथंच उभ्याउभ्या वाचला. मी शाळेत शिकवते, इंग्रजी वाचता येतं, आणि कधीकधी वाटतं येत नसतं तर बरं झालं असतं. पिशवीत गर्भाचं घर आहे, त्यात गर्भ दिसत नाही, ठोके नाहीत, आकार दिलेल्या तारखेशी जुळत नाही. खाली एक ओळ होती की हे रुग्णाच्या तपासणीशी पडताळून पाहावं. डॉक्टर दुसऱ्या पेशंटसाठी बाहेर डोकावले तशी मी त्यांना गाठलं.

"डॉक्टर, म्हणजे नक्की काय समजायचं आम्ही?"

"तुमच्या गायनॅकना दाखवा. फोटोत जे दिसतं ते मी लिहितो. पेशंटचं पुढचं ते ठरवतील."

बाकावर बायकांची रांग लागलेली. प्रत्येकीचं पोट पाण्यानं तट्ट. त्यांना तरी मी किती वेळ अडवणार?

तिथून आम्ही रिक्षानं एका नर्सिंग होममध्ये गेलो. तिथले स्त्रीरोगतज्ज्ञ आमच्या जावयाच्या, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याच्या, ओळखीतले. त्यांनी रिपोर्ट वरपासून खालपर्यंत वाचला, बहिणीचा रक्तदाब बघितला आणि चष्मा काढून म्हणाले, "तिसरा महिना संपत आला. गर्भ वाढलेलाच नाही. उद्या सकाळी उपाशीपोटी घेऊन या, क्युरेटिंग करून पिशवी साफ करून टाकू. उगाच आत ठेवण्यात अर्थ नाही."

मी म्हटलं, "तुम्ही एकदा मशीनवर बघता का? तुमच्या डोळ्यांनी?"

"माझ्याकडं मशीन नाही. त्याला वेगळी परवानगी लागते, शंभर भानगडी असतात. आणि ते रेडिओलॉजिस्टचं काम आहे. त्यांनी केलंय की."

माझं टाळकंच सरकलं. ज्यानं बघितलं तो म्हणतो ठरवणारा दुसरा, आणि ठरवणारा म्हणतो बघणारा दुसरा. मध्ये माझी बहीण खुर्चीवर बसलेली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. तिला कुणी एक प्रश्न म्हणून विचारला नव्हता. पण मी तरी काय बोलणार? दोन शिकलेल्या डॉक्टरांपुढं शाळेतली बाई कितीशी टिकणार? गुमान घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी तिला घेऊन गेलो. तिला हिरवा गाऊन घातला, हाताला सुई लावली. डॉक्टर एका अडलेल्या बाळंतिणीच्या मागं होते, म्हणून थांबायला सांगितलं. बहीण भिंतीकडं तोंड करून पडलेली. तिच्या पाठीवरून हात फिरवायला गेले तर हाडं लागली हाताला. ती तशीच पडल्या पडल्या म्हणाली, "ताई, मला अजून मळमळतंय गं. सकाळी ब्रश करताना पण उमासा आला. मागच्या वेळी असं नव्हतं."

एवढंच बोलली. पण माझ्या मनात पाल चुकचुकली. मी तडक उठले आणि नर्सला म्हटलं, "सुई काढा. आम्ही आज करत नाही."

नर्स माझ्यावर खेकसली, की डॉक्टर येतील, त्यांना काय सांगू, तुमच्या जबाबदारीवर न्या. ते एक वेळ चाललं असतं. पण सासूबाईही भडकल्या.

"तुमी शिकलेल्या बाया लई शाण्या! मेलेलं पोटात ठिवून कुठं हिंडवताय तिला? आत सडलं, सेप्टिक झालं, तर? आमच्या भावकीत गेली एक तशी. माझ्या सुनंला काय झालं ना, तर तुमच्या दारात येऊन बसंन मी!"

खरं सांगते, मला त्यांचा राग आला नाही. भीती वाटली. कारण त्या चुकीचं बोलत नव्हत्या. असं होतं, मीही ऐकलेलं होतं. माझ्याकडं काय होतं? मळमळ. तेवढ्यावर मी दोन डॉक्टरांचा शब्द मोडून सख्ख्या बहिणीला टेबलावरून उठवत होते. सुई काढायला लावून तिला रिक्षात बसवलं; सासूबाईही बडबडत शेजारी बसल्या. तिला काही झालं तर आईला तोंड कसं दाखवायचं, हेच डोक्यात.

मी रिक्षा शहागंजकडं घ्यायला लावली. तिथं एका डॉक्टरीणबाईंचा जुना दवाखाना आहे. माझी दोन्ही बाळंतपणं त्यांच्याच हातची. वय झालंय, केस पांढरे झालेत, पण अजून रोज येतात. त्या स्वतः सोनोग्राफी करतात, आधीपासूनच. खोली एवढीशी, मशीन जुनं, भिंतीवर इथं गर्भलिंग सांगितलं जात नाही अशी पाटी. जावयाला फोनवर सांगितलं तर तो वैतागला.

"ताई, त्यांचं मशीन कुठल्या जमान्यातलं! त्या रेडिओलॉजिस्ट तरी आहेत का? ज्याचं काम त्यानं करावं ना. मोठ्या सेंटरनं एवढं स्पष्ट सांगितलंय."

"माहितेय मला," मी म्हटलं आणि फोन ठेवला. मला काही माहीत नव्हतं. मला फक्त असं माणूस हवं होतं, जे बघेल पण आणि विचारेल पण.

डॉक्टरीणबाईंनी बहिणीचा चेहरा बघितला आणि म्हणाल्या, "पहले रोना बंद, बेटा. रडून मला काही दिसत नाही." मग सासूबाईंकडं वळून, "अम्मा, तुम्ही जरा बाहेर बसा. चहा पाठवते."

सासूबाई हलायला तयार नाहीत. "मी सासू हाय तिची."

"म्हणूनच तर," असं म्हणून त्यांनी हसत हसत सासूबाईंना दाराबाहेर नेलं आणि पडदा ओढून घेतला. मला राहू दिलं.

रिपोर्ट त्यांनी वाचला, पण बाजूला ठेवला. बहिणीला झोपवलं, पोट दाबून बघितलं आणि हात तसाच पोटावर ठेवून विचारायला लागल्या.

"शेवटची पाळी?"

"नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी."

"दर महिन्याला वेळेवर येते?"

"हो, अगदी."

"मग पुढची तुमच्या भाद्रपदातल्या महालक्ष्म्यांच्या तोंडावर यायला पाहिजे. तेव्हा बाजूला बसलीस?"

"नाही, बसून कसं चालंल? महालक्ष्म्या आमच्याकडंच असतात. स्वयंपाक मलाच असतो सगळा."

"म्हणजे पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या घेतल्यास."

बहिणीनं मान हलवली. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. आमच्याकडं निम्म्या बायका घेतात. मेडिकलवाल्याला नुसतं महालक्ष्म्यांच्या गोळ्या म्हटलं तरी तो पुडी काढून देतो.

"सोडल्यावर काही आलं?"

"आलं, अनंत चतुर्दशीच्या दिवशी. चांगले चार दिवस गेलं. पण ती काय खरी पाळी नव्हं ना, गोळ्यांची ती. ती धरत नाहीत."

"कौन नहीं धरता?"

बहीण गडबडली. "आमच्याकडं... सासूबाई म्हणतात. आई पण म्हणायची."

आई म्हणायची, हे खरंच होतं. मीसुद्धा तेच ऐकत लहानाची मोठी झाले होते. गोळ्यांनंतरची पाळी ही उरलीसुरली, ती हिशेबात घ्यायची नाही, सोवळ्यातही तिला अर्धाच मान. डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला.

"भाद्रपदात तुमच्या बायका येतात गोळ्या मागायला, आणि रमजानमध्ये रोजे मोडू नयेत म्हणून आमच्या येतात. दोघींना सांगून सांगून माझं तोंड दुखलं, की सोडल्यावर जी येते, दिवस तिथून मोजायचे. अगं, हा तिसरा महिना नाही. तुला पाचवा आठवडा संपलाय जेमतेम."

मी बोटांवर दिवस मोजले. नागपंचमी कुठं आणि अनंत चतुर्दशी कुठं! मध्ये सव्वा महिना गेला होता, आणि तो अख्खा सव्वा महिना आम्ही त्या पोटातल्या जिवाच्या नावावर टाकला होता.

मग त्यांनी आतून सोनोग्राफी केली. आधी बहिणीला सांगितलं काय करणार ते, तिनं हो म्हटल्यावरच हात लावला. मग पडद्यावर मापं घेऊन म्हणाल्या,

"घर आहे. लहान आहे, पण या दिवसांत एवढंच असतं. आत एक गोल दिसतंय, तेही चांगलं आहे. ठोके आज दिसणारच नाहीत."

"म्हणजे चांगलं आहे ना?" मी अधीर होऊन विचारलं.

"ते मी नाही सांगू शकत. वाढेल, नाही वाढणार, दोन्ही होतं. दोन आठवड्यांनी या. मध्ये दुखलं, अंगावर गेलं, ताप आला तर तासाभराचीही वाट बघायची नाही."

माझ्यातली मास्तरीण गप्प बसेना. विचारलंच मी, "डॉक्टर, मग सोनोग्राफी करायची तरी कुणी? त्यांनी की तुम्ही?"

त्या हातमोजे काढत म्हणाल्या, "त्यांना नावं ठेवू नको. माझ्यापेक्षा त्यांना जास्त दिसतं. मला शंका आली की मीच त्यांच्याकडं पाठवते. त्यांना आतून बघू दिलं नाही, वर तारीख चुकीची दिली, मग ते काय करतील? चुकतं माझं पण. मशीन कुणीही धरो, ज्याच्या शब्दावर पिशवी साफ करायचं ठरणार आहे, त्यानं एकदा हिला तरी विचारायला पाहिजे होतं ना."

नर्सिंग होमबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मला मात्र लई काय काय बोलावंसं वाटत होतं.

बाहेर आल्यावर सासूबाईंना समजावून सांगितलं, तर त्या म्हणतात, "गोळ्यांची पाळी ती काय पाळी असती व्हय?" आता बोला! पण त्या देवगावला एकट्याच परत गेल्या आणि सुनेला माझ्याकडं ठेवलं. जाताना म्हणाल्या, "ताप बघत ऱ्हा रोज."

ते दोन आठवडे कसे काढले ते मलाच माहीत. मध्ये दिवाळी आली. चकल्या केल्या, त्या तेलात विरघळल्या. अनारशाचं पीठ तसंच आंबून गेलं. बहीण बाथरूममध्ये गेली की मी दाराबाहेर उभी, ती बाहेर आली की तिच्या तोंडाकडं बघायचे. ती नुसती मान हलवायची, की नाही, काही नाही. अंगाला हात लावून ताप बघायचे, इतक्यांदा, की शेवटी ती चिडली. "ताई, मी काय चूल आहे का, सारखी चटका बसतो का बघतेस?" मळमळ थांबली की मी घाबरायचे, आणि वाढली की देवाचे आभार मानायचे. एकदा तिनं सकाळी दोन पोळ्या गपागप खाल्ल्या, तर मी आत जाऊन रडले. कुणाच्या पोटभर खाण्यानं रडू येतं का कुणाला? मला आलं. सासूबाईंचा रोज फोन, "ताप हाय का?" मी म्हणायचे नाही. त्या म्हणायच्या, "बरं," आणि पुढं बराच वेळ फोन ठेवायच्या नाहीत.

भाऊबीज झाली आणि लगेच आम्ही शहागंजला गेलो. सासूबाई देवगावहून पहाटेच्या गाडीनं आल्या होत्या. या वेळी कुणी सांगायच्या आधीच त्या बाहेरच्या बाकावर बसल्या आणि डोळे मिटून पुटपुटायला लागल्या.

आत डॉक्टरीणबाई मशीनवर बघत होत्या, मी बहिणीच्या उशाशी. बहिणीनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. मग डॉक्टरीणबाईंनी एक बटण दाबलं, पडदा आमच्याकडं वळवला आणि बोट ठेवलं. काहीतरी भराभर फडफडत होतं. तांदळाच्या दाण्याएवढं.

"ये देख. ठोके आहेत. छान आहेत."

मी तर भोकाडच पसरलं. एवढी मोठी बाई, शाळेतली पोरं बघती तर हसती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून लांबचा पल्ला आहे, काळजी घ्या, जड उचलू नको. माझ्या कानात काही शिरत नव्हतं. मी बहिणीच्या केसांवरून हात फिरवत होते आणि म्हणत होते, "बघ, बघ, आहे ना! आहे ना गं!"

बहीण पडद्याकडं बघत होती. मग ती हळूच म्हणाली, "डॉक्टर, मागच्या वेळी पण महालक्ष्म्यांनंतरच राहिलं होतं."

डॉक्टरीणबाईंचा हात थांबला.

"तेव्हा पण गोळ्या घेतल्या होत्या मी. दरवर्षीच घेते. तेव्हा पण नागपंचमीपासूनच धरलं होतं आम्ही. तेव्हा पण म्हणाले, तारखेला जुळत नाही, ठोके नाहीत. दुसऱ्या दिवशी साफ केलं."

मग डॉक्टरीणबाई तिच्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "ते आता कुणालाच सांगता येणार नाही, बेटा. मला पण नाही."

"परत बघितलंच नव्हतं ना कुणी," बहीण म्हणाली. मला म्हणाली. "ताई, आपण परत बघायला गेलोच नव्हतो ना."

तेवढ्यात पडद्याबाहेरून सासूबाईंचा आवाज आला. कापरा, घाबरलेला. "काय म्हणल्या डॉक्टरीण? हाय ना गं? हाय ना जित्तं?"

बहीण माझ्याकडं बघत होती. मी डोळे पुसले आणि पडद्याकडं तोंड करून म्हटलं, "आहे, मावशी. हे आहे."